उमेदवारी रद्द करण्याआधी एकदा ऐकून घ्या : सामान्य प्रशासन विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
मा. अपर मुख्य सचिव, सामान्य प्रशासन विभाग, मंत्रालय, मुंबई,
आणि राज्य शासनासाठी भरती करणाऱ्या सर्व निवड समित्यांचे अध्यक्ष

विषय : उमेदवारी रद्द करण्यापूर्वी नोटीस, म्हणणं मांडण्याची संधी आणि सकारण लेखी आदेश देण्याबाबत

सन्माननीय महोदय,

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. अख्खी नोकरी तहसील आणि प्रांत कार्यालयात गेली. शासनाला लिहिताना कोणती भाषा वापरायची हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्या भाषेतली निवेदनं देऊन झाली आहेत. त्यांची उत्तरं आली नाहीत, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे.

माझी सून एका सरळसेवा भरतीत परीक्षा पास झाली, गुणवत्ता यादीत आली, कागदपत्र पडताळणीला गेली आणि तिथे अपात्र ठरली. भरती कोणती, कार्यालय कोणतं, हे मुद्दाम लिहीत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि मला एका कार्यालयाविरुद्ध लिहायचंही नाही. तिच्या बाबतीत जे झालं ते करायची मोकळीक आज कुठल्याही निवड समितीला आहे. माझी तक्रार त्या मोकळिकीबद्दल आहे.

झालं ते असं. आपल्याकडे मुलीचं लग्न झालं की तिचे कागद दोन नावांचे होतात. दहावीची सनद, पदवी, जातीचा दाखला, जातवैधता हे सगळं माहेरच्या नावाने. नॉन क्रिमीलेअरही माहेरच्याच नावाने, कारण विवाहित महिलेच्या बाबतीतही त्यासाठी आईवडिलांचं उत्पन्न पाहतात, नवऱ्याचं नाही. आधार, रेशनकार्ड, अधिवासाचा दाखला मात्र सासरच्या नावाने. दोन नावं असणं ही उमेदवाराची हयगय नव्हे, शासनाच्याच नियमांनी तसं होतं. त्या दोन नावांना जोडणारे कागदही शासनानेच ठरवून दिले आहेत : विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, नाहीतर राजपत्रात छापलेली नावबदलाची सूचना.

तिने हे दोन्ही नेले होते. टेबलावरचे कर्मचारी छापील तपासणी यादीप्रमाणे एकेक कागद मागत होते आणि पुढे टिक करत होते. तिने विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र पुढे केलं, तेव्हा "हे यादीत नाही, ठेवून घ्या," म्हणून त्यांनी ते परत दिलं. मागे रांग होती, प्रत्येकाला घाई होती. तिने ते परत फोल्डरमध्ये घातलं. त्या कर्मचाऱ्यांनाही मी दोष देत नाही, त्यांच्या हातात दिलेल्या यादीत तो रकानाच नव्हता.

पुढे वेबसाइटवर पीडीएफ आली. आडव्या पानावर बारीक अक्षरात रकाने : अनुक्रमांक, बैठक क्रमांक, प्रवर्ग, गुण, शेरा. तिच्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "नावात तफावत. अपात्र." कोणत्या कागदातल्या नावात, कशाशी तफावत, काही नाही. निर्णय कोणाचा, ते नाही. कोणाकडे दाद मागायची, ते नाही. ती निवेदन घेऊन गेली तर आवक शिक्का मारलेली प्रत मिळाली. माहितीच्या अधिकारात विचारलं तर "पडताळणी समितीच्या निर्णयानुसार" एवढं उत्तर आलं. समितीने निर्णय घेतला हे तिला माहीतच होतं. तो का घेतला, हे तिने विचारलं होतं.

महोदय, हे मला गप्प बसून सोसवत नाही याचं कारण माझी नोकरी आहे. महसूल खात्यात एका गुंठ्याचा फेरफार असला तरी तो परस्पर मंजूर होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस निघते, चावडीवर नोंद लागते, हरकत घ्यायला मुदत मिळते. हरकत आली की ती गाव नमुना ६-अ मध्ये, तक्रारी नोंदींच्या रजिस्टरला चढते. मग दोन्ही बाजूंना बोलावून, ऐकून निकाल होतो आणि तो पटला नाही तर वर अपील असतं. अशा सुनावण्यांचे रोजनामे मी लिहिले आहेत. अर्जदार हजर, जाबदार हजर, म्हणणं दाखल, पुढील तारीख. कित्येकदा नोटिशीत भलं मोठं वाटणारं भांडण समोरासमोर आल्यावर एका कागदाने मिटायचं. मयत वारस दाखल्यात "पांडुरंग" आणि सातबाऱ्यावर "पांडू" असायचा, गावातले दोघे येऊन जबाब द्यायचे, प्रकरण निकाली निघायचं. कोणी नियम वाकवला नव्हता. फक्त विचारलं होतं.

दाखल्यांचंच उदाहरण घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला केवढा आधार दिला! अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवावं लागतं. पहिलं अपील आहे, दुसरं अपील आहे, तिसरं थेट राज्य लोकसेवा हक्क आयोगापुढे आहे. म्हणजे दाखला नाकारला तर तीन ठिकाणी दाद, आणि त्याच दाखल्यावर बोट ठेवून नोकरी नाकारली तर त्या यंत्रणेत एकही दरवाजा नाही. दोन्ही निर्णय एकाच शासनाचे आहेत.

भरतीतही ऐकून घ्यायची पद्धत शासनाला परकी नाही. परीक्षा झाली की उत्तरतालिका प्रसिद्ध होते, उमेदवारांकडून पुराव्यासह हरकती मागवतात, तज्ज्ञ त्या तपासतात, उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो आणि मग अंतिम तालिका लागते. एकेका प्रश्नासाठी एवढी काळजी घेतात, ते योग्यच आहे. मग सगळे प्रश्न सोडवून यादीत आलेल्या उमेदवाराला बाहेर काढताना त्याच्या हरकतीसाठी चार दिवस का मिळू नयेत?

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या मागणीचा विपर्यास लगेच होतो. गुणांनी मागे पडलेल्या उमेदवारांना सुनावणी द्या, असं मी म्हणत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. स्पर्धेत जे मागे राहिले त्यांना गुण कळले, कटऑफ कळला, विषय संपला. माझं म्हणणं आहे ते स्पर्धा जिंकल्यावर वैयक्तिक कारणावरून बाद केलेल्यांबद्दल. तुझा दाखला चालत नाही, तुझी सही जुळत नाही, तुझ्यावर गुन्हा आहे, तू माहिती लपवलीस, तू वैद्यकीयदृष्ट्या अपात्र आहेस. असं ज्याला म्हटलं जातं त्याच्याविषयी एक आरोप किंवा एक निष्कर्ष काढलेला असतो, आणि ज्याच्याविषयी काढला त्याला तो खोडून काढायची संधी मिळाली पाहिजे. ही संख्या लाखांत जात नाही. ती पडताळणीला बोलावलेल्यांपैकी काहींची असते.

कायद्याबद्दलही लिहिणं भाग आहे, कारण निवड समित्यांचं ठरलेलं उत्तर कायद्याचंच असतं : निवड यादीत नाव आलं म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही. बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने शंकरसन दाश प्रकरणात १९९१ मध्ये तसं म्हटलं आहे. पण त्याच निकालात असंही म्हटलं आहे की याचा अर्थ शासनाला मनमानी करायची मुभा आहे असा नाही. हा भाग उत्तरात कधी येत नाही.

त्याआधी १९६९ मध्ये ए. के. क्रायपाक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नैसर्गिक न्यायाची तत्त्वं, म्हणजे समोरच्याचं ऐकून घेणं आणि आपल्याच प्रकरणात आपण निवाडा न करणं, प्रशासकीय निर्णयांनाही लागू होतात. ते प्रकरण भरतीचंच होतं. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी निवड करायची होती आणि निवड मंडळात बसलेले एक अधिकारी स्वतःच उमेदवार होते. प्रशासकीय कारभारातल्या न्याय्य वागणुकीचा पाया म्हणून ज्या निकालाकडे पाहतात तो भरतीतून आला, आणि आज भरतीतच त्याचा विसर पडला आहे.

आणखी अलीकडचं सांगतो. २ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वशिष्ठ नारायण कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात निकाल दिला. खेड्यातला मुलगा, सायबर कॅफेतून पोलीस शिपाई भरतीचा फॉर्म भरला. जन्मतारीख १८ डिसेंबर १९९७ च्या जागी ८ डिसेंबर १९९७ पडली. लेखी पास, शारीरिक चाचणी पास, कागदपत्र पडताळणीत तारीख जुळेना म्हणून नापास. त्या चुकीचा त्याला कसलाही फायदा होणार नव्हता, दोन्ही तारखांनी तो वयात बसतच होता. सर्वोच्च न्यायालयाने ही क्षुल्लक चूक मानली आणि त्याला उत्तीर्ण धरायला सांगितलं. न्याय मिळाला, आनंद आहे. पण एका आकड्याचा खुलासा करायला पोलीस शिपाई होऊ पाहणाऱ्या मुलाला पाटण्याहून दिल्लीपर्यंत जावं लागलं. पडताळणीच्या टेबलावर त्याला कोणी "हे असं कसं?" असं विचारलं असतं, तर हे प्रकरण तिथेच मिटलं असतं.

चारित्र्य पडताळणीत तर ऐकून घेणं अधिकच गरजेचं आहे. आंदोलनात नाव आलेली, भावकीच्या भांडणात फिर्यादीत गोवलेली, पुढे निर्दोष सुटलेली पोरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत सविस्तर सूत्रं घालून दिली. गुन्ह्याचं स्वरूप काय, वय काय, पद कोणतं, माहिती खरोखर लपवली का, हे सगळं पाहून निर्णय घ्यायचा आहे. तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणाकडे दुर्लक्षही करता येतं, असं तिथे म्हटलं आहे. उमेदवाराला न विचारता हे सगळं कसं पाहणार? पोलीस अहवालाच्या एका ओळीतून ते कळत नाही.

काही जण म्हणतील, बनावट दाखल्यांचा सुळसुळाट आहे, दया दाखवली तर खरे उमेदवार मरतील. बनावट दाखल्यांची चीड मला कोणाहून कमी नाही, त्या टेबलावर मी आयुष्य काढलं आहे. पण सुनावणी म्हणजे दया नव्हे. २०२४ च्या जुलैत पुण्याच्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं. आरोप साधे नव्हते. तरीही केंद्रीय लोकसेवा आयोगाने १८ जुलैला कारणे दाखवा नोटीस दिली, उत्तराला २५ जुलैपर्यंत मुदत दिली, ती वाढवून ३० जुलै दुपारी साडेतीनपर्यंत केली आणि मगच ३१ जुलैला उमेदवारी रद्द केली. रद्दचा आदेश हाती मिळालेला नाही, ही तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात गेली तेव्हा दोन दिवसांत तो कळवण्याची तयारी आयोगाने दाखवली. यात उणंदुणं काढायला काही नाही. असंच व्हायला हवं. एवढ्या गंभीर आरोपात नोटीस, मुदत, मुदतवाढ देऊन सारी प्रक्रिया दोन आठवड्यांत पुरी झाली. मग सासर-माहेरच्या नावातल्या फरकासाठी एक नोटीसही का नाही?

राज्यघटनेच्या कलम ३११(२) ने शासनाच्या सेवेतल्या शिपायालाही संरक्षण दिलं आहे. चौकशी आणि म्हणणं मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. उमेदवाराला ते कलम लागू नाही, हे मी जाणतो. पण समानतेचं कलम १४ आणि सरकारी नोकरीत समान संधीचं कलम १६ लागू आहेत, आणि त्यांचा काही अर्थ असेल तर तो या पडताळणीच्या टेबलावरही दिसायला हवा.

"कोर्टात जा" हे आज प्रत्येक कार्यालयाचं उत्तर आहे. त्याचा अर्थ काय होतो ते सांगतो. भरतीचा वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे न्यावा लागतो. मॅट मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, आम्हा सांगली-कोल्हापूरकरांना त्याचा मोठा आनंद आहे, पण या वादाची पहिली पायरी आमच्यासाठी अजून मुंबईच आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातून मुंबई म्हणजे रात्रभराची एसटी, वकिलाची फी, तारीख पुढे गेली की पुन्हा तेच. लहान मूल असलेल्या बाईला हे किती जमतं? शेतमजुराच्या पोराला? जे जात नाहीत त्यांची बाजू खोटी होती असं नाही, त्यांना परवडलं नाही. आणि जे जातात त्यांच्या अर्जावर सुनावणी होईपर्यंत पुढच्या उमेदवाराला नेमणूक दिलेली असते. मग दोन गरीब घरं एकमेकांसमोर उभी राहतात, आणि ज्या कार्यालयाने न विचारता निर्णय घेतला ते बाजूला राहतं.

याहून वाईट म्हणजे अपात्रतेचं खरं कारण पहिल्यांदा तिथेच कळतं, शासनाच्या प्रतिज्ञापत्रात. पीडीएफमधले शेऱ्याचे दोन-तीन शब्द तिथे दोन-तीन पानं होतात. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या निकालात म्हटलं होतं की आदेश त्यात दिलेल्या कारणांवरच तपासला जाईल, मागाहून प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं जोडता येणार नाहीत. वरिष्ठ अधिकाऱ्यांना हा निकाल ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण मूळ आदेशच दिला नाही तर तपासायचं तरी काय?

म्हणून माझ्या मागण्या लिहितो. यातली एकही मागणी पूर्ण करायला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो.

पहिली. गुणवत्तेने पात्र ठरलेल्या कोणत्याही उमेदवाराला कागदपत्रं, चारित्र्य, वैद्यकीय तपासणी किंवा माहिती लपवल्याच्या कारणावरून बाद करण्याआधी त्याच्या नोंदणीकृत ईमेलवर, मोबाइलवर आणि लॉगिनमध्ये लेखी नोटीस द्यावी. नोटिशीत नेमका कागद, नेमकी त्रुटी आणि नेमका नियम लिहावा. उत्तराला निदान दहा दिवस द्यावेत.

दुसरी. उमेदवाराने मागणी केली तर त्याला समक्ष किंवा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, ऐकावं. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात व्हीसीची सोय आहेच, त्यासाठी मुंबईला बोलावू नये.

तिसरी. त्यानंतरचा निर्णय सकारण, अधिकाऱ्याच्या नाव-पदनाम-सहीसह, उमेदवाराला मिळावा. "अपात्र", "तफावत", "त्रुटी" असे एका शब्दाचे शेरे हा आदेश मानू नये.

चौथी. त्या आदेशावर एक अपील असावं, आणि अपील ऐकणारा अधिकारी पडताळणी समितीत बसलेला नसावा. अपील निकाली निघेपर्यंत ती एक जागा राखून ठेवावी, बाकीच्या नेमणुका थांबवू नयेत. अपिलाला पंधरा-वीस दिवसांची मुदत घातली तर भरती अडत नाही. आपल्याकडे जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत जो काळ जातो त्यात हे दिवस सहज मावतात.

पाचवी मागणी विवाहित महिलांसाठी आहे आणि ती मला सर्वांत जवळची आहे. पडताळणीच्या छापील यादीत विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र यांचा वेगळा रकाना घाला, आणि ते स्वीकारल्याची पोच द्या. ज्या बाईकडे हा दुवा जोडणारा कागद आहे तिला नावाच्या कारणावरून बाद करता येणार नाही, असं स्पष्ट लिहा. माझी सून एकटी नाही. पडताळणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेल्या जवळपास प्रत्येक विवाहितेच्या मांडीवरच्या फोल्डरमध्ये दोन नावं होती.

महाराष्ट्र लोकसेवा आयोग ही घटनात्मक संस्था आहे, तिला शासन हुकूम देऊ शकत नाही, हे मान्य. पण आयोगाशी विचारविनिमय करून हीच पद्धत तिथेही असावी अशी विनंती शासन करू शकतं. कलम ३२३ प्रमाणे आयोगाचा वार्षिक अहवाल राज्यपालांकडे जातो आणि विधिमंडळापुढे येतो. किती शिफारसपात्र उमेदवार कोणत्या कारणाने बाद झाले, किती जणांना आधी ऐकलं, ही आकडेवारी त्यात आली तर आमदारांनाही प्रश्न विचारता येतील. जिल्हा निवड समित्यांनी आणि विभागांनीही ती आपापल्या वेबसाइटवर टाकावी.

सुनेचा निकाल काय लागायचा तो न्यायाधिकरणात लागेल. तिच्या प्रकरणात हस्तक्षेप करा असं मी म्हणत नाही, करूही नका. पण पुढच्या जाहिराती निघण्याआधी हा शासन निर्णय काढा. तो काढणार नसाल तर का काढणार नाही ते कारणांसह लेखी कळवा. मी पत्राची प्रत स्पीड पोस्टानेही पाठवत आहे आणि पाकिटावर माझा पत्ता आहे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून (महसूल)
जि. सांगली